दोष गाडीत, बोट सुनेकडे !



आषाढी पौर्णिमेपासून आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू आहे. दिवसभर निंदणाला गेलेल्या बाया, गवंडीकामावरून आलेले मजूर, शाळा-कॉलेजातली पोरे, सगळे हातपाय धुऊन येऊन बसतात. परवा तिसऱ्या खंडाचा चौथा भाग लागला. अद्भुत शक्तीवरचा विश्वास म्हणजे अधम्म, हे ते प्रकरण.

बाबासाहेबांनी तेथे एक साधी पण खोल गोष्ट सांगितली आहे. काही घडले की माणसाला त्याचे कारण हवे असते. कारण आणि परिणाम शेजारी-शेजारी असले तर कोडे पडत नाही. पण कारण एकीकडे आणि परिणाम दूर भलतीकडे दिसला की माणूस गोंधळतो, आणि मग कोणत्या तरी अदृश्य शक्तीच्या माथी ते मारून मोकळा होतो.

वाचन संपत आले तेव्हा वस्तीतला एक तरुण ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. शर्ट घामाने भिजलेला, हात काळे झालेले. वंदना झाल्यावर तो आमच्याजवळ आला.

"काका, आज पुन्हा तसंच झालं. यवतमाळले मेडिकलच्या बाहेर चाळीस मिनिटं गाडी उभी. चालूच नाही झाली. पोटुशी बाई होती गाडीत."

बायांच्या रांगेत त्याची आई बसली होती. तिने बोलायचे हळूच म्हणून केले, पण ऐकू सगळ्यांना गेले.

"होईन नाही तं काय ! सून घरात आली तवापासून गाडीले साडेसाती लागली."

मागच्या रांगेत सून बसली होती. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. पाच मिनिटांपूर्वीच आम्ही सर्वांनी मिळून ते प्रकरण ऐकले होते. ग्रंथ मिटला, आणि ग्रंथासोबत आमची डोकीही मिटली !

या सदरात मागे आम्ही रेशनकार्डावर लिहिले, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर लिहिले. आज एका गाडीवर लिहितो. कारण ही गोष्ट गाडीची आहे तेवढीच त्या मुलीचीही आहे.

गाडी म्हणजे चैन नव्हे

आपल्या समाजात गाडी ही बहुधा हौसेची वस्तू नसते. या पोराची व्हॅन जुनी, दुसऱ्या हाताची, कर्जाने घेतलेली. सकाळी शाळेची मुले, दुपारी घाटंजी-यवतमाळ रोग्यांच्या फेऱ्या, लग्नसराईत वऱ्हाड, आणि अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीची वारी. हप्ता, डिझेल-पेट्रोल, आईची औषधे, सगळे त्याच चार चाकांवर. अशी गाडी भर रस्त्यात रुसून बसली तर नुसता खोळंबा होत नाही, गिऱ्हाईक तुटते. "त्याची गाडी नको, मधातच बंद पडते," असे एकदा गावात झाले की पुसून निघत नाही.

आणि हिचा रोग मोठा चमत्कारिक. सकाळी एका झटक्यात सुरू होते. चालता-चालता कधी बंद पडत नाही. पण लांब चालून गरम झाली, बंद केली, आणि थोड्या वेळाने पुन्हा चावी फिरवली की कधी होते, कधी होत नाही. तास-अर्धा तास थांबले की काही झालेच नाही अशी सुरू ! मिस्त्रीकडे नेईपर्यंत ती थंड झालेली असते. मिस्त्री चावी मारतो, गाडी भुर्र होते. तो म्हणतो, "काय झालं हिले ? चांगली तं आहे !"

मिस्त्री लबाड नव्हता, हेही आम्ही सांगून ठेवतो. समोर नसलेला रोग कोणता वैद्य पकडणार ? पण गिऱ्हाईक हात जोडून उभे, म्हणून त्याने अंदाजाने पार्ट बदलले. आधी प्लग आणि कॉइल, २,३०० रुपये. मग बॅटरी, ४,२०० रुपये. मग पेट्रोलचा पंप मजुरीसह ४,१०० रुपये. एकूण १०,६०० रुपये गेले आणि रोग जागच्या जागी. पार्ट संपले तेव्हा संशयाला नवी जागा हवी होती. ती जागा घरातच सापडली. मे महिन्यात लग्न होऊन आलेली बावीस वर्षांची सून !

आधी वही, मग पाना

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. आम्ही कारकुनी करणारे. इंजिनातले आम्हांस फारसे कळत नाही, पण हिशेब जुळत नसेल तर काय करायचे ते कळते. ताळा जुळला नाही म्हणून कोणी सगळी खातेवही फाडून नवी लिहीत नाही. एकेक पान तपासायचे, जिथवर जुळते तिथवर खूण करायची आणि पुढे जायचे. फरक कुठे तरी बसलेलाच असतो.

"किती वेळा असे झाले, केव्हा-केव्हा, काही लिहून ठेवले आहे का ?" आम्ही विचारले. पोरगा म्हणाला, "लिहून कोण ठेवते काका ?"

तेवढ्यात सून आतून एक शाळेची वही घेऊन आली. "काकाजी, मी लिहिलं आहे. मले बोलणं बसे, तवापासून लिवत गेली."

बारावीपर्यंत शिकलेली मुलगी. तारीख, वार, किती फेऱ्या झाल्या, कुठे थांबली, किती वेळाने चालू झाली, त्या दिवशी ऊन होते की पाऊस, सारे तिने नवऱ्याला रात्री विचारून टिपले होते. आम्ही ती वही आणि गॅरेजच्या पावत्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि वाचत गेलो. त्यातून तीन गोष्टी निघाल्या.

पहिली. प्लग-कॉइलची पावती फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली होती. म्हणजे लग्नाच्या अडीच महिने आधीच गाडी रुसू लागली होती ! घरातले सगळे ते विसरून गेले होते.

दुसरी. पोराने आठवून सांगितले त्याप्रमाणे मार्चमध्ये दोनदा, एप्रिलमध्ये चार-पाचदा, आणि मे महिन्यात आठवड्यातून दोन-तीनदा गाडी अडली. आपल्या यवतमाळचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. जसजसे ऊन चढले, तसतसा रोग चढला. मे महिन्यात सून आली आणि मे महिन्यात ऊनही आले. आपण उन्हाला सोडले आणि सुनेला धरले.

तिसरी तर वाचून आम्हांला हसावे की रडावे कळेना. जूनमधल्या अमावस्येला कोणाच्या तरी सांगण्यावरून गाडीला लिंबू-मिरची बांधली होती. बौद्धाच्या गाडीला ! आणि त्यानंतर तीन आठवडे गाडी एकदाही अडली नाही. घरात सगळ्यांची खात्री पटली. पण वहीत सुनेने त्याच दिवसांपुढे लिहिले होते : 'पाऊस', 'पाऊस', 'ढगाळ'. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, ऊन तापले, आणि लिंबू बोनेटला तसेच लोंबत असताना गाडी पुन्हा अडली. लिंबाने काहीच केले नव्हते. केले ते पावसाने.

वाचकहो, एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, पण कोंबड्याने तो उगवत नाही. समजा, ती पावती लग्नानंतरची निघाली असती, तरी मुलीचा दोष ठरला असता का ? मुळीच नाही. माणसाच्या पावलाचा आणि इंजिनातल्या तारेचा काही संबंधच नाही. पावतीने ती सुटली हे बरे झाले. पण तिला सुटण्यासाठी पावती दाखवावी लागली, ही आपल्या सगळ्यांना लाज आणणारी गोष्ट आहे.

थांबल्यावर जास्त का तापते ?

आता गाडीकडे वळू. पुष्कळांना वाटते, गाडी चालताना जास्त गरम आणि उभी राहिली की थंड. इंजिनापुरते पाहिले तर पहिली काही मिनिटे उलटे घडते. गाडी चालू असते तेव्हा रेडिएटरचे पाणी फिरत असते, वारा लागत असतो. बंद केली की पाणी फिरायचे थांबते, वारा थांबतो. पण लोखंडाचा तो तापलेला गोळा तसाच असतो. त्याची धग आजूबाजूच्या पाइपांत, तारांत, सेन्सरांत शिरते. म्हणून बंद केल्यावर दहा-वीस मिनिटांनी आजूबाजूचे पार्ट चालू असतानापेक्षाही जास्त तापतात. चूल विझवल्यावरही तव्यावरची भाकर करपते, तसे. सिटाखाली इंजिन असलेल्या व्हॅनमध्ये तर ही धग कोंडूनच राहते.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत या धगीने पाइपातल्या पेट्रोलचीच वाफ होई. पंपाला पातळ पेट्रोल ओढता येते, वाफ ओढता येत नाही. ड्रायव्हर लोक त्याला 'एअर लॉक' म्हणत. अॅम्बेसिडरचे जुने ड्रायव्हर उन्हाळ्यात पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळीत, ते याचसाठी. त्यांनी पुस्तक वाचले नव्हते, पण पाहून-पाहून कारण पकडले होते आणि कारणावरच ओले फडके टाकले होते. याला म्हणतात अनुभवाची विद्या.

आपल्या देशात सन २००० पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले, पुढे ते कडक होत गेले आणि पेट्रोल गाड्यांतून कार्बोरेटर गेला. आता टाकीतला विजेचा पंप दाबाने पेट्रोल पाठवतो, इंजेक्टर ते फवारतो, आणि केव्हा किती फवारायचे व केव्हा ठिणगी टाकायची ते छोटा कंप्यूटर ठरवतो. त्या कंप्यूटरचे डोळे-कान म्हणजे सेन्सर. इंजिन फिरते आहे की नाही हे सांगणारा एक सेन्सर असतो, त्याला क्रँक सेन्सर म्हणतात. तो मुका झाला की कंप्यूटरला वाटते इंजिन फिरतच नाही, आणि तो ना पेट्रोल सोडतो ना ठिणगी.

कोणत्या पानावर चूक आहे ?

अशी गाडी अडली की पहिला प्रश्न एकच विचारायचा : चावी मारल्यावर इंजिन फिरते की फिरत नाही ? या एका प्रश्नाने अर्धी वही बाजूला होते.

इंजिन फिरतच नसेल, नुसता 'टक्' आवाज येत असेल किंवा तोही नसेल, तर पेट्रोलच्या पंपाला हात लावण्याचे कारण नाही. दोष बॅटरी, टर्मिनल, अर्थिंगची पट्टी, सेल्फ किंवा चावीचा स्विच यांपैकी कुठे तरी आहे. अशा वेळी हेडलाइट लावून चावी मारा. उजेड एकदम मरत असेल तर बॅटरी आणि तिची टर्मिनले पाहा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी साचली असेल तर ती आधी साफ करा. उजेड तसाच राहून नुसते टक् होत असेल तर संशय सेल्फवर. टक् सुद्धा होत नसेल तर चावीचा स्विच आणि त्याची तार. येथेही उष्णतेचा हात आहेच. तांब्याची तार तापली की विजेला तिचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. ५० अंश तापली तर २० टक्के ! सकाळी जेमतेम काम भागवणारा सेल्फ दुपारी म्हणूनच हात टेकतो. अशी गाडी धक्का मारून बहुधा सुरू होते. हीदेखील एक ओळखच.

इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, असे असेल तर बॅटरी आणि सेल्फ निर्दोष. मग दोनच गोष्टी उरतात : पेट्रोल आणि ठिणगी. चावी अर्धी फिरवून कान द्या. मागे टाकीजवळ दोन-एक सेकंद 'घूं' असा पंपाचा आवाज येतो. गाडी अडली असताना तो येत नसेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा त्याचा रिले पाहावा. रिलेतला झाळलेला सांधा तापला की सुटतो आणि थंड झाला की पुन्हा बसतो, असेही होते. आवाज येतो पण सेल्फ पुष्कळ वेळ मारावा लागतो, आणि चावी दोन-तीनदा अर्धी फिरवून मग मारली की लगेच होते, तर उभी असताना पाइपातला दाब उतरतो आहे असे समजा. गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, प्लग ओले-काळे निघत असतील, तर पेट्रोल कमी नसून जास्त जाते आहे. इंजेक्टर गळत असेल, किंवा पाण्याची उष्णता सांगणारा सेन्सर गरम इंजिनाला थंड म्हणत असेल.

मात्र ही सगळी परीक्षा गाडी अडलेली असतानाच करायची. सुरू झालेल्या गाडीची तपासणी म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणे !

रविवारची परीक्षा

आमच्या वस्तीत आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड केलेला एक पोरगा आहे. त्याला सोबत घेतले. रविवारी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, आम्ही व्हॅन मुद्दाम यवतमाळ रस्त्याला तीस किलोमीटर पळवली आणि एका कडुनिंबाखाली बंद करून उभी केली. पंधरा मिनिटांनी चावी मारली, सुरू झाली. पुन्हा पळवली, पुन्हा उभी केली, वीस मिनिटे थांबलो. चावी मारली, आणि अडली ! गाडी अडल्याचा आनंद आम्हांला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

इंजिन जोमाने फिरत होते. बॅटरी सुटली. चावी अर्धी फिरवली, पंपाचा आवाज स्वच्छ आला. पंप सुटला. ठिणगी तपासायचे साधन त्याच्याकडे होते, ते लावले. ठिणगी नाही. इंजेक्टरकडेही हुकूम जात नव्हता. दोन्ही एकदम बंद, म्हणजे दोघांना हुकूम देणाराच गप्प आहे. त्याने मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर लावला आणि आम्हांला सेल्फ मारायला सांगितले. इंजिन आमच्या बुडाखाली गरगर फिरत होते, आणि स्कॅनर सांगत होता : फेरे शून्य. कंप्यूटरला इंजिन फिरल्याचे कळतच नव्हते ! म्हणूनच आतापर्यंत कोणत्याही स्कॅनरवर दोषाचा नंबर उमटला नव्हता. न फिरणाऱ्या इंजिनाची तक्रार कोण करील ?

"क्रँक सेन्सर," पोरगा म्हणाला. पण त्याने लगेच पाना काढला नाही, याचे आम्हांला कौतुक वाटले. त्याने मल्टीमीटर सेन्सरच्या दोन टोकांना लावला. तार तुटल्यासारखा आकडा. मग पाण्याने ओले करून पिळलेले फडके त्या सेन्सरवर ठेवले. सहा-सात मिनिटांत मीटरवर सरळ आकडा आला. चावी मारली, गाडी एका झटक्यात सुरू ! खात्रीसाठी पुन्हा तापवली, पुन्हा अडली, पुन्हा ओले फडके, पुन्हा सुरू. दुसरे काहीही न बदलता.

त्या सेन्सरच्या आत केसाएवढ्या तारेची गुंडाळी असते. तिला बारीक चीर गेली होती. तापली की पसरून टोके दुरावत, थंड झाली की पुन्हा टेकत. एवढ्याशा चिरेने १०,६०० रुपये खाल्ले आणि एका मुलीचे तीन महिने नासवले. नवा सेन्सर ८५० रुपये आणि मजुरी ३०० रुपये. त्यानंतर वहीत 'अडली' हा शब्द आलेला नाही. तरीही आम्ही तिला सांगितले आहे की, वही बंद करू नको. पुढचा मे महिना जाऊ दे, मग निकाल पक्का.

घरी करण्याच्या आणि न करण्याच्या गोष्टी

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वही ठेवा, आणि प्रत्येक पार्टची पावती तारखेसह जपून ठेवा. मिस्त्रीला 'गाडी खराब आहे' असे सांगू नका. 'तीस किलोमीटर चालल्यावर, वीस मिनिटे उभी राहिल्यावर, इंजिन फिरते पण पेटत नाही,' असे सांगा. त्याचे अर्धे काम तेथेच होते. एका वेळी एकच पार्ट बदला. दोन एकदम बदलले तर कोणता दोषी होता ते कळत नाही. जुना पार्ट मागून घ्या.

सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारू नका, आणि मध्ये अर्धे मिनिट जाऊ द्या. नाही तर एका दोषाचे दोन होतील. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, रेडिएटरचे गरम झाकण उघडू नका. पेट्रोलचा वास येत असेल तर जवळ विडी पेटवू नका. प्लगची तार हातात धरून ठिणगी पाहण्याचे धाडस करू नका, तेथे हजारो व्होल्टची वीज असते. ते काम ज्याचे त्याला करू द्या. आणि जिचा भरवसा नाही अशा गाडीत दिवस भरलेल्या बाईला नेऊ नका. १०८ नंबर फुकट आहे, तो आधी लावा.

मनातली चीर

त्या दिवशी गाडीच्या बोनेटवरचा वाळलेला लिंबू पोराने स्वतः तोडून फेकला. आम्ही काही बोललो नाही. संध्याकाळी विहारात त्याची आई आली. ती निरक्षर आहे, पण तिच्या बापाने १९५६ साली नागपूरला पायी जाऊन बाबासाहेबांच्या समोर दीक्षा घेतली, असे ती अभिमानाने सांगते. आम्ही तिला म्हणालो, "वहिनी, मिस्त्रीने बॅटरीवर संशय घेतला, पंपावर घेतला. चूक निघाली तर फार तर पैसे गेले. तुम्ही माणसावर संशय घेतला. त्याची भरपाई कोणत्या दुकानात मिळते ?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भाऊ, मले कोणी सांगतलंच नाही का गाडी आधीपासून बिघडली होती म्हणून."

"वहिनी, पावती पेटीतच होती. पाहायचे कोणाच्या मनात आले नाही."

यावर ती काही बोलली नाही. वंदना झाल्यावर मात्र तिने सुनेला मागच्या रांगेतून बोलावून आपल्याजवळ बसवले. तोंडाने माफी मागणे आपल्याकडच्या सासवांना जमत नाही. पण जागा बदलली, हे साऱ्या वस्तीने पाहिले.

बंधू-भगिनींनो, या एका सासूला नाव ठेवून आपण सुटणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच माणसांची सावली अशुभ ठरवली गेली, आपल्या पावलांनी पाणवठा बाटतो असे म्हटले गेले. तेही कारण न शोधता, बळेच चिकटवलेले पाप होते. ज्या समाजाने पायाच्या विटाळाचा मार खाल्ला, त्याच्या घरात सुनेच्या पायगुणाची भाषा यावी, यापरते दुर्दैव कोणते ? बावीस प्रतिज्ञा घेताना आपण देव सोडले. पण कारण न शोधता कोणाच्या तरी माथी दोष मारण्याची सवय सोडली का, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे.

अंधश्रद्धा माणसातली शोधण्याची वृत्तीच मारून टाकते, असे बाबासाहेबांनी त्याच प्रकरणात बजावले आहे. या गाडीने आम्हांला त्याचा अर्थ दाखवला. लिंबू बांधल्यावर घरातल्या कोणी पुढे शोध घेतला नाही. घेतला तो फक्त त्या मुलीने, कारण तिच्यावर आळ होता. एका शाळेच्या वहीत, पेन्सिलीने, रोज रात्री चार ओळी. आमच्या मते त्या वर्षावासातले खरे ग्रंथवाचन तिनेच केले.

येत्या अशोक विजयादशमीला वस्तीतली माणसे घेऊन ही व्हॅन नागपूरला निघणार आहे. पुढच्या सिटावर ड्रायव्हरशेजारी कोणी बसायचे ते सासूने आताच ठरवून टाकले आहे. वहीही सोबत असणार आहे.

जयभीम !